मिसेस हॉपकिनचा आवाज

एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत अडीच सेकंद जातात. चेंडू काचेच्या नळीतून वर येतो, पुकारणारा तो दोन बोटांनी उचलतो, आकडा मायक्रोफोनमध्ये म्हणतो आणि चेंडू समोरच्या खाचेत ठेवतो. चेंडू खाचेत बसला की मागच्या मोठ्या पाटीवर त्या आकड्याचा दिवा लागतो, आणि तोवर नळीच्या तोंडाशी पुढचा चेंडू येऊन थरथरत असतो. नेस्टा बेव्हनने तीन दुपारी मिळून दोनशे आकडे मनगटावरच्या घड्याळावर मोजले होते. दोन सेकंदांच्या खाली एकही नव्हता. तीनच्या वर चार होते, आणि त्यातल्या दोन वेळा पुकारणारा हेडन खोकला होता.

अडीच सेकंदांत काय होतं, असं कोणीही म्हणेल. पण तेवढ्यात माणूस ऐकतो, ऐकलेलं ओळखतो, काय करायचं ते ठरवतो, आणि तरीही सेकंदभर शिल्लक राहतो. नेस्टाने मोजलं होतं ते त्या शिल्लक सेकंदासाठी.

व्हॅलेरिया हे पॉन्टवेन गावातलं जुनं सिनेमाघर. पडदा गेला, खुर्च्यांच्या जागी जमिनीला ठोकलेली टेबलं आली आणि गेली अठरा वर्षं तिथे बिंगो चालतो. जमीन मात्र सिनेमाच्या वेळची, उतरतीच राहिली. हातातून पेन सुटलं की ते घरंगळत थेट स्टेजपाशी जातं. स्टेजवर उभा राहून आकडे पुकारतो हेडन प्रॉसर. खाली टेबलांच्या रांगांमधून फिरतात तपासनीस बायका, आणि त्यातली उजवीकडच्या सहा रांगांची तपासनीस म्हणजे नेस्टा. कोणाच्या तिकिटावरचे सगळे आकडे पुकारून झाले, म्हणजे तिकीट भरलं, की तो "हाउस!" म्हणून ओरडतो. नेस्टा त्याच्यापाशी जाते, तिकिटावरचे आकडे मोठ्याने वाचते, हेडन ते पाटीवर ताडून पाहतो. नियम एकच, आणि तो दारावर रंगवून ठेवलेला आहे: पुढच्या आकड्याचा पहिला आवाज निघायच्या आत ओरडलात तर बक्षीस तुमचं. नंतर ओरडलात तर घरी जाऊन भिंतीवर ओरडा. हे दुसरं वाक्य रंगवलेलं नाही, ते हेडन म्हणतो.

बेरिल हॉपकिन ओरडू शकत नव्हती. मागच्या ऑक्टोबरात कार्डिफच्या इस्पितळात तिच्या घशातून एक गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती कागद चुरगाळल्यासारखी कुजबुज, जी हातभर अंतरावरच ऐकू येई. म्हणून मॅनेजर मिस्टर टॉमलिन यांनी एक लेखी व्यवस्था केली. तिकीट भरलं की मिसेस हॉपकिन पेनने टेबलावर दोनदा टकटक करतील, आणि त्या रांगांची तपासनीस त्यांच्या वतीने "हाउस" म्हणेल. पुकार धरायची ती तपासनिसाच्या आवाजापासून. खाली तिघांच्या सह्या होत्या. अशा रीतीने नेस्टा बेव्हन ही बेरिल हॉपकिनचा आवाज झाली.

दोघींनाही दुसरं कोणीही चाललं असतं.

बिंगोत येण्याआधी नेस्टा नऊ वर्षं नदीकाठच्या कारखान्यात हातमोजे शिवत होती, आणि त्या नऊ वर्षांत तिच्या रांगेची मुकादम बेरिल होती. बेरिलच्या गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ असे. संडासला चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला ती दारावर पेन्सिल आपटायची आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय बेव्हन, आत स्वयंपाक मांडलायस का?" एकदा इस्पितळातून निरोप आला होता, नेस्टाच्या आईची घटका भरत आली आहे म्हणून. तो निरोप बेरिलने पाळी संपेपर्यंत, चाळीस मिनिटं, एप्रनच्या खिशात ठेवला. "मध्येच सांगितलं असतं तर रांग थांबली असती," ती नंतर म्हणाली. तेवढंच म्हणाली. नेस्टा पोचली तेव्हा आईच्या खाटेवरची चादर बदलून झाली होती.

पुढे कारखाना बंद पडला, त्यानंतर चार वर्षांनी, कामगारांच्या संपानंतर, गावची कोळशाची खाणही बंद पडली. बेरिल आठवड्यातून पाच दुपारी व्हॅलेरियात बसू लागली, तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून. बाराशे जणांच्या त्या हॉलमध्ये तिला नेमकी नेस्टाचीच रांग आवडली.

*

ज्या सोमवारी हे घडलं, त्या दिवशी बेरिलने चहा दोनदा परत पाठवला होता.

"कपाला फडक्याचा वास येतोय," ती कुजबुजली.

नेस्टाने कप बदलून आणला.

"आता तुझ्या हाताचा येतोय."

बेरिलच्या टेबलावरच्या तिघी खिदळल्या. नेस्टाने तोही कप उचलला आणि तिसरा आणून ठेवला. बेरिलने त्याला हातही लावला नाही. निवू नये म्हणून वर बशी झाकून ठेवली.

शेवटचा खेळ आठशे पौंडांचा होता. हॉलमध्ये कागदाच्या सळसळीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. नेस्टा खांबापाशी उभी होती, बेरिलपासून चार पावलांवर, तोंड स्टेजकडे. हेडनने एकसष्ट पुकारला. चेंडू खाचेत गेला, दिवा लागला, आणि नेस्टाच्या मागे टेबलावर पेन वाजलं. टक टक.

ते तिने ऐकलं. काय आहे ते ओळखलं. तोंडही उघडलं. आणि मिटलं.

"एक आणि चार, चौदा," हेडन म्हणाला.

मग ती ओरडली. "हाउस!"

हॉल एकदम थांबला. हेडनने कपाळावर आठ्या घातल्या. "चौदावर?"

नेस्टाने बेरिलचं तिकीट उचललं. चौदा त्यात नव्हताच. भरलं होतं ते एकसष्टला.

"उशिरा झाली बाई," हेडन मायक्रोफोनमध्ये म्हणाला. "पुकार बाद. खेळ पुढे चालू." आणखी दोन आकड्यांनंतर मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला आणि आठशे पौंड घेऊन गेला. बेरिल उठली नाही, रडली नाही. तिने मान वळवून नेस्टाकडे पाहिलं, आणि कारखान्यात हातमोज्यातला चुकलेला टाका पाहून जशी हसायची तशी हसली. तिला सगळं कळलं होतं.

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री नेस्टाने स्वतःला सांगून पाहिलं की ते आईसाठी होतं. चाळीस मिनिटांच्या बदल्यात एक सेकंद. ऐकायला ते बरं वाटत होतं. पण ते खरं नव्हतं. खांबापाशी उभं असताना आई तिच्या डोक्यात कुठेच नव्हती. डोक्यात होता तो चहा.

*

बेरिलने तक्रार केली. मुख्य कार्यालयातून छापील कागद आला. त्यात तपासनिसासाठी एकच प्रश्न होता: 'तपासनिसाने पुकार केव्हा दिली?' पुढे दोन चौकोन, 'वेळेत' आणि 'उशिरा'. खाली सहीची जागा. टकटक केव्हा झाली, ती कोणी ऐकली का, हे त्या कागदात कुठेही विचारलेलं नव्हतं.

"'उशिरा' वर खूण करा आणि सही करा, मिसेस बेव्हन," टॉमलिन म्हणाले. ते इंग्लंडहून आलेले, चौतिशीचे, केस मागे चापून बसवलेले गृहस्थ होते. "उशिराच झाली ना? सगळ्या हॉलने ऐकलंय."

"उशिराच झाली," नेस्टा म्हणाली.

"मग?"

"दोन दिवस द्या."

तिने कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली. दोन दिवसांचे चार झाले, चारांचे आठ. कागदावर काही खोटं लिहायचं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सुचू देत नव्हतं. पुकार उशिराच झाली होती. खूण केली की बेरिलची तक्रार निकालात, आणि नेस्टाची नोकरी शाबूत. खूण न करता जे झालं ते सांगितलं, तर ती त्याच दिवशी दाराबाहेर. ऐकू न येणं ही चूक होती, त्या चुकीला ताकीद मिळे. ऐकून गप्प बसणं ही चूक नव्हती. त्याला हॉलच्या भाषेत नावही नव्हतं, कारण आजवर कोणी तसं केल्याचं कोणाला माहीत नव्हतं. एक्कावन्न वर्षांच्या बाईला पॉन्टवेनमध्ये दुसरं दार नव्हतं. घरी नवरा होता, एमलिन, खाणीची धूळ छातीत घेऊन खिडकीशी बसलेला. त्याला दोन जिने उतरायला आता पाव तास लागे.

"अजून तो कागद खिशातच?" एमलिनने विचारलं.

"हो."

"सही कर आणि मोकळी हो. त्या बयेने तुझ्यासाठी काय केलंय?"

"काही नाही."

"मग झालं तर."

*

तिसऱ्या रांगेतल्या बायकांनी तोवर आपला खेळ शोधून काढला. नेस्टा टेबलांमधून चालू लागली की ती जवळ येईल तशी पेनं वाजत. टक टक. ती वळून पाही, तेव्हा सगळ्या माना तिकिटांत. दोन पावलं पुढे गेली की मागून पुन्हा टक टक. आठवडा संपेस्तोवर हे सहाही रांगांत पसरलं. गुरुवारी दुपारी पाचवा आणि सहावा खेळ यांच्या मधल्या सुटीत शंभरेक पेनं एकदम वाजली. स्टेजवर हेडनने मायक्रोफोन हाताने झाकला, तो हसत होता म्हणून.

"बहिरी आली गं, बहिरी," कोणीतरी म्हणालं.

"बहिरी कसली. पगार मिळतो तेव्हा बरं ऐकू येतं."

एक बाई, नाव मार्व्हा, पूर्वी कारखान्यात नेस्टाच्या शेजारच्या यंत्रावर होती. तिने नेस्टाच्या हातात एक चतकोर कागद दिला. कान तपासण्याच्या दुकानाची जाहिरात होती ती. "लाजू नको," मार्व्हा म्हणाली. "म्हाताऱ्यांना सवलत आहे."

नेस्टाने तो कागद घडी करून खिशात ठेवला, तक्रारीच्या कागदाला लागून, आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

बेरिल मात्र वाजवत नव्हती. ती चहाही परत पाठवत नव्हती. नेस्टा जवळ आली की ती फक्त तिच्याकडे पाही, शांतपणे, तिच्याजवळ भरपूर वेळ असल्यासारखी.

आणि दुसरीकडे, स्टेजखालच्या कामगारांच्या खोलीत, नेस्टा एकाएकी सगळ्यांची लाडकी झाली.

सात वर्षं त्या खोलीत तिला कोणी खुर्ची सरकवून दिली नव्हती. ती कमी बोलते, हिशेबाने हसते, स्वतःला शहाणी समजते, असं सगळ्यांचं म्हणणं. आता मुदपाकखान्यातली ग्वेंडा तिच्यासाठी तव्यावरचे बेदाण्याचे केक कागदात गुंडाळून ठेवू लागली.

"घे गं. गरम आहेत."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणे!" ग्वेंडाने डोळा मारला. "कारखान्यात असताना माझ्या लग्नाच्या दिवशी सुटी मागितली, तर ती बया मला म्हणाली होती, तुला दुपारी लग्न करता येणार नाही का म्हणून. तू जे केलंस ना, त्यासाठी मी तुला अख्खं ताट देईन."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस, बाई. तेच तर." ग्वेंडा एवढी हसली की तिला खोकला आला. खोलीतले सगळे हसले. नेस्टाने केक खाल्ला. चांगला होता. तिने दुसराही घेतला, आणि तो खाताना तिच्या लक्षात आलं की या खोलीत बसून ती पहिल्यांदाच काही खात होती.

दुसऱ्या सोमवारी ती चेंडू धूत होती. दर सोमवारी सकाळी नव्वदच्या नव्वद चेंडू साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि एकापासून नव्वदपर्यंत क्रमाने ट्रेमध्ये मांडायचे. बोटांचा तेलकटपणा राहिला तर चेंडू जड होतो, नळीत नीट चढत नाही. हे काम तिला आवडे. हेडन आत आला आणि खुर्ची उलटी फिरवून तिच्यासमोर बसला.

"काय राणीसाहेब, झाली का सही?"

"नाही."

"बायबल लिहायचंय का त्यात? एक फुली मारायचीय, नेस्टा. एक फुली!"

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे. तुझ्या या ठाऊक असण्यापायी माझा संध्याकाळचा मोठा खेळ गेलाय. कागद निकालात निघेपर्यंत त्या नीथ गावच्या पोराला पुकारायला बसवलंय. बायका मला विचारतात, हेडन, तू तिची टकटक ऐकलीस आणि पुढे गेलास का? मला! चौदा वर्षं पुकारतोय मी. मेलेला माणूस 'हाउस' म्हणाला तरी मी थांबेन."

"तुम्हाला स्टेजवर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी तसं कोणालाही सांगेन."

"मग सांग ना! लिही!" त्याने ट्रेमधला एक चेंडू उचलला, उडवला, झेलला. मग आवाज खाली आणला. "हे बघ. मला स्टेजवरून सगळं दिसतं. टेबलावरची टकटक नाही ऐकू येत, पण तोंडं दिसतात. तुझं तोंड उघडलं होतं. आणि मग मिटलं."

नेस्टाचा हात पाण्यातच थांबला.

"घाबरू नकोस," हेडन म्हणाला. "मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही. उलट खरं सांगू? मनातून टाळी दिली मी तुला. माझा बाप त्या कारखान्याच्या दारावर पहारेकरी होता. तिने पुड्या सोडल्या आणि त्याची नोकरी गेली. मी तुझ्या जागी असतो ना, तर चौदा नंतरही ओरडलो नसतो. पार शेवटपर्यंत गप्प राहिलो असतो." त्याने चेंडू जागेवर ठेवला. चुकीच्या जागेवर. "आपल्यातलीच निघालीस तू. आम्हाला वाटायचं, तुला रक्तच नाही."

तो गेल्यावर नेस्टाने चेंडू उचलला, पुन्हा पाण्यात बुडवला, पुसला आणि त्याच्या खऱ्या जागी ठेवला. तो काहीही खोटं बोलला नव्हता. सगळ्या गावात तिला नेमकं ओळखणारी माणसं दोनच होती, एक बेरिल आणि एक हेडन, आणि दोघांनी पाहिलेली नेस्टा एकच होती. फरक एवढाच, की एकीला ती माणसातून उठल्यासारखी वाटत होती आणि दुसऱ्याला माणसात आल्यासारखी.

*

शुक्रवारी दुपारी, खेळ सुरू व्हायला पाऊण तास असताना, टॉमलिननी तिघांना वर बोलावलं. त्यांचं ऑफिस म्हणजे जुनी यंत्राची खोली, जिथून पूर्वी पडद्यावर सिनेमा पडायचा. भिंतीतल्या दोन चौकोनी भोकांतून खालचा हॉल दिसे.

"आज हा विषय संपवायचा आहे," टॉमलिन म्हणाले. "अकरा दिवस झाले. मुख्य कार्यालयातून रोज फोन येतोय. मिसेस हॉपकिन, बसा. मिस्टर प्रॉसर. मिसेस बेव्हन, तुम्ही इथे."

खुर्च्या तीनच होत्या. नेस्टा उभी राहिली.

"मिसेस हॉपकिन, तुमचं म्हणणं तुमच्या तोंडून ऐकून घ्यायला हवं. नियमच आहे तसा. बोला."

बेरिल बोलू लागली. टॉमलिन टेबलावर पुढे झुकले, मग आणखी झुकले. खाली हॉलमध्ये सफाईचं यंत्र घरघरत होतं.

"माफ करा, काय?"

बेरिलने पुन्हा ओठ हलवले. मानेवरच्या शिरा ताणल्या गेल्या. हेडनने तिची नक्कल करत नुसतेच ओठ हलवले, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखे, आणि छताकडे पाहिलं.

"मला एक शब्द कळत नाहीये," टॉमलिन वैतागून म्हणाले. "मिसेस बेव्हन, तुम्हाला सवय आहे. त्या काय म्हणतात ते तुम्ही सांगा. शब्दशः. मला लिहून घ्यायचंय."

"मी?" नेस्टा म्हणाली.

"व्यवस्था तशीच आहे ना? त्यांचा आवाज तुम्हीच."

बेरिलच्या चेहऱ्यावर तेच टाका पाहिल्यासारखं हसू आलं. तिने बोटाने नेस्टाला जवळ बोलावलं. नेस्टा तिच्या खुर्चीपाशी वाकली. बेरिलच्या श्वासाला औषधाच्या गोळ्यांचा वास येत होता. ती तुटक बोलू लागली आणि नेस्टा प्रत्येक तुकडा सरळ, स्वच्छ आवाजात खोलीला सांगू लागली, तिकीट वाचताना वाचायची तसा.

"एकसष्ट आला. माझं तिकीट भरलं. मी लगेच दोनदा वाजवलं."

टॉमलिन लिहीत होते.

"ही चार पावलांवर होती. इथून माझी कुजबुज ऐकू येते हिला, तर तिथून पेन ऐकू येणार नाही?"

"हा प्रश्न आहे की म्हणणं?" टॉमलिननी विचारलं.

बेरिल कुजबुजली.

"त्या म्हणतात, हे गाढव मॅनेजर कुठून आणलंय."

हेडन फस्सकन हसला. टॉमलिनचं पेन थांबलं. "मिसेस बेव्हन!"

"तुम्ही शब्दशः म्हणालात, सर."

"पुढे चला."

बेरिलने आता नेस्टाची बाही पकडली होती. ती टॉमलिनकडे पाहतच नव्हती. ती नेस्टाच्या डोळ्यांत पाहून एकेक शब्द सोडत होती, आणि तो शब्द नेस्टाच्या तोंडून बाहेर येईपर्यंत थांबत होती.

"स्टेजवरच्या त्या माकडाचा यात काही दोष नाही. त्याला ऐकू आलं नाही. माझी तक्रार त्याच्यावर नाही."

"ऐकलंत?" हेडन उठलाच. "लिहा, सर, ते लिहा! तीच म्हणतेय!"

"बसा, मिस्टर प्रॉसर."

"माझी तक्रार हिच्यावर आहे," नेस्टा म्हणाली. "नेस्टा बेव्हनवर. हिने ऐकलं. पाठ होती माझ्याकडे, पण पाठ सांगते. माझं पेन वाजलं तशी हिची पाठ ताठ झाली."

बेरिलने बाही ओढली, पुढचं वाक्य सांगितलं. नेस्टाला ते उच्चारायला थोडा वेळ लागला, पण तिने ते जसंच्या तसं उच्चारलं.

"नऊ वर्षं हिला मी हाताखाली राबवलं. हिची आई मरत होती तेव्हा निरोप दाबून ठेवला. मला त्याचं वाईट वाटत नाही. रांग चालू राहणं हे माझं काम होतं, ते मी केलं. आणि आवाज देणं हे हिचं काम होतं."

"हे सगळं मुद्द्याला धरून नाही," टॉमलिन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "कारखान्याचा इथे काय संबंध?"

"अजून एकच वाक्य आहे," नेस्टा म्हणाली. हे ती स्वतः म्हणाली की बेरिल म्हणाली ते क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग ती पुन्हा वाकली, ऐकलं, आणि सरळ उभी राहिली. "मी जिंकू नये म्हणून ही गप्प राहिली. झालं. संपलं माझं."

बेरिलने बाही सोडली.

टॉमलिननी पेन खाली ठेवलं, रुमालाने मान पुसली आणि आवाज मऊ केला. "मिसेस बेव्हन, तुम्हाला हे सगळं स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे. हे निव्वळ आरोप आहेत. कोणाकडे पुरावा नाही. मिस्टर प्रॉसर, तुम्हाला स्टेजवरून काही वेगळं दिसलं?"

"काही नाही," हेडन म्हणाला, नेस्टाकडे पाहत. "माझं लक्ष चेंडूंवर होतं."

"बघा. मग प्रश्न एवढाच उरतो, तुमची पुकार उशिरा झाली का. ती झाली. इथे फुली, इथे सही, आणि खाली चहा तयार असेल." त्यांनी हात पुढे केला. "आणि आणखी एक. तुमचे गुडघे दुखतात असं ग्वेंडा म्हणत होती. तिकीटखिडकीत बसायला माणूस हवंय. उठबस नाही, उबदार आहे. सोमवारपासून विचार करा."

"घे गं, घे," हेडन पुटपुटला. "मूर्खपणा करू नकोस."

नेस्टाने खिशातून कागद काढला, उलगडला. त्यातून कानाच्या दुकानाची जाहिरात खाली पडली. बेरिलने ती पाहिली आणि तिच्या घशातून एक खरखर निघाली. ती हसत होती. आतून, मनापासून.

टॉमलिननी आपलं पेन नेस्टाच्या बोटांत दिलं. तिने ते घेतलं. कागदावरचे दोन चौकोन तिने पुन्हा एकदा पाहिले. मग तिने पेन टेबलावर ठेवलं, घरंगळू नये म्हणून आडवं, आणि कागद दोन्ही हातांनी टॉमलिनकडे सरकवला. कोरा.

"या दोन्ही चौकोनांत ते बसत नाही, सर," ती म्हणाली.

"काय बसत नाही?"

"नेस्टा," हेडन म्हणाला.

ती टॉमलिनकडे वळली नाही. ती बेरिलकडे वळली, आणि तिकीट वाचतानाच्या त्याच स्वच्छ आवाजात, खाली सफाईचं यंत्र चालवणाऱ्यालाही ऐकू जाईल अशी, बोलली.

"तुम्ही मला आवडत नाही, मिसेस हॉपकिन. कधी आवडणारही नाही. पण तुम्ही दोनदा वाजवलंत, ते मी ऐकलं. वेळेत ऐकलं. आणि मी मुद्दाम गप्प राहिले."